नवे भागधारक जुन्या करारात असे आणले

आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत दोघा सहकाऱ्यांना शेअर द्यायचे होते. भागधारक करारावर त्यांची सही नाही, म्हणजे तो त्यांना लागू नाही. अख्खा करार नव्याने करण्याऐवजी स्टॅम्प पेपरवर दोन पानी ‘डीड ऑफ ॲडहिरन्स’ (जुन्या करारात सामील होण्याचा दस्त) केलं: ‘मूळ कराराची प्रत मिळाली, वाचली, पक्षकार म्हणून सर्व अटी मान्य.’ आधी सही, मगच शेअर वाटप.

पण खरी मेख आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत असते. सर्वोच्च न्यायालयाने रंगराज खटल्यात (१९९१) स्पष्ट केलंय, शेअर हस्तांतरणावरचं बंधन आर्टिकल्समध्ये नसेल तर ते कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणून कंपनी कायद्याच्या कलम १४ खाली विशेष ठराव करून डीडवर सहीची अट आर्टिकल्समध्ये घातली आणि ३० दिवसांच्या आत एमजीटी-१४ (ठराव कंपनी निबंधकाकडे नोंदवण्याचा फॉर्म) भरला. आता डीडवर सही केल्याशिवाय सभासद नोंदवहीत कुणाचंच नाव चढत नाही.