जुनी पद्मिनी घेतलीत? आधी ब्रेकचे होज बदला

मागच्या वर्षी कोल्हापुरातून १९८४ ची प्रीमियर पद्मिनी घेतली. सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. इंजिनाचा आवाज ऐकला, पत्रा ठोकून पाहिला, क्रोम चकचकीत केला आणि ब्रेकचे रबरी होज (ब्रेक ऑइल चाकांपर्यंत नेणाऱ्या नळ्या) तसेच ठेवून रत्नागिरीकडे आंबा घाट उतरलो. साखरप्याच्या अलीकडे पेडल थेट खाली टेकलं. शेजारी बायको, मागे आई. खालचे गिअर टाकत, हँडब्रेक ओढत कशीबशी थांबवली. म्हणून उभ्या राहिलेल्या गाडीच्या कामांची यादी होजपासूनच सुरू करतोय.

पुढच्या चाकांना एकेक आणि मागे ॲक्सलला एक, असे तीन होज. बाहेरून धडधाकट दिसतात, माझेही दिसत होते. पण जुनं रबर आतून फुगतं. पाय दाबला की ऑइल जोरात पुढे घुसतं, पाय काढल्यावर त्याला परतीची वाट उरत नाही. लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, चाकाच्या ड्रमला धरून राहतात, ड्रम तापतो, आतलं ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल पोकळ होतं. गाडी घाटभर डावीकडे ओढत होती, करपल्याचा वास येत होता, आणि मी अलाइनमेंट करून घेऊ म्हणत बसलो. नंतर मिस्त्रीने तो डावा होज ब्लेडने आडवा कापून दाखवला. आतलं भोक सुई जेमतेम जाईल एवढंच राहिलं होतं.

तपासायचं असेल तर चाक जॅकवर घ्या, कुणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा आणि लगेच चाक फिरवा. अडलं तर उत्तर मिळालं. मोकळं फिरलं तरी तिन्ही बदला! दुकानदार 'ओरिजिनल कुर्ल्याचा माल' म्हणून पाकीटबंद होज काढेल, तोही नको. कुर्ल्यात पद्मिनी बनणं थांबून वीस वर्षं उलटली, आणि रबर पाकिटातही म्हातारं होतं. सोबत व्हील सिलिंडर (चाकातला, लायनर ढकलणारा) आणि मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा, ऑइल दाबणारा) यांच्या रबरी सीलची किट, आणि जुनं ऑइल पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं नवं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, उघडा डबा वापरू नका.

पेट्रोलची टाकी रिकामी करून धुवा. टाकीपासून इंजिनाजवळच्या पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत जिथे जिथे रबर आहे तिथे इथेनॉल सोसणारी नळी घाला, कारण आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात मऊ पडतं. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होईल ते सांगायला नको. इंजिनाजवळच्या पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ओढणारा आतला पडदा) त्याच वेळी बदला.

सेल्फ मारायची घाई नको. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग इंजिन हाताने फिरवून बघा. अडकलं तर जोर करू नका. प्लगच्या वायरींना काढण्याआधीच नंबर लावा. फायरिंगचा क्रम, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) घासत बसण्यापेक्षा नवे घाला, कंडेन्सरसकट. इंजिन ऑइल, फिल्टर, फॅनबेल्ट, रेडिएटर धुणं, हे कुणीही करतोच.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं, ते वाचा. किंगपिनला (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला) ग्रीस, गिअरबॉक्स ऑइल, बॅटरी, दिवे, वायपर. आरसी, विमा, पीयूसी.

आणि होज बदलले का? मग पहिली फेरी सपाट रस्त्यावर, एकट्याने, पाचेक किलोमीटर. थांबून चारही ड्रमांजवळ हात न्या, लावू नका. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला वाटला तर सावकाश घरी आणा आणि ते चाक पुन्हा उघडा.