ताई ची, व्हिडिओ आणि गुडघा

घरी व्हिडिओ लावून ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करताना सगळा घोळ उजव्या-डाव्याचा व्हायचा, शिकवणारा आपल्याकडे तोंड करून उभा, तो डावा पाय टाकतो आणि आपला पण डावाच टाकायचा की समोर दिसतो तो, हे ठरेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. मग पाठमोरे शूट केलेले व्हिडिओ शोधले. यांग स्टाईल या ताई चीच्या एका शैलीचा २४ हालचालींचा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायची मालिका (१९५६ मध्ये चीनमध्ये मुद्दाम सोपी करून बसवलेली) घ्या, त्याचे असे व्हिडिओ भरपूर सापडतात. स्पीड कमी करून फार फायदा नाही, आधीच सगळं संथ असतं, त्यापेक्षा एकच हालचाल परत परत लावा.

दुसरं म्हणजे गुडघा दुखायचा. हे व्हिडिओत पटकन दिसत नाही, पण अंगाचं वजन ज्या पायावर आहे तोच पाय जमिनीवर वळवला की गुडघ्याला पीळ बसतो. आधी वजन मागच्या पायावर न्यायचं, मग पुढच्या पायाचा चवडा जरा उचलून टाचेवर पाय वळवायचा, आणि वाकताना गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच ठेवायचा. व्हिडिओतल्यासारखं खाली बसायची तर काही गरजच नाही, उंच उभं राहून केलं तरी चालतं. एवढं बदलल्यावर दुखणं थांबलं. तरी दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा, व्हिडिओला नाही.