आधी वेळ, मग मानक: सिम्युलेशन्स जोडण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एका मशीनवर विमानाचं सिम्युलेशन चालू आहे, दुसऱ्यावर रडारचं, तिसऱ्यावर हवामानाचं. तिन्ही वेगवेगळ्या टीमनी लिहिलेली: एक सी प्लस प्लसमध्ये, एक जावात, एक जुन्या फोरट्रान कोडवर उभी. ती एकाच आभासी जगात एकत्र चालवायची, हे आमचं काम. या क्षेत्रात येणारी मुलं-मुली मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: एचएलए शिकू, डीआयएस शिकू की एफएमआय? ही तिन्ही सिम्युलेशन्स जोडण्याची मानकं. मी त्यांना सांगते, यातलं काहीही उघडण्याआधी वेळ समजून घ्या.

कारण असं. रडारचं सिम्युलेशन १०.२ सेकंदांवर पोहोचलेलं आहे आणि विमानाकडून १०.० सेकंदांना घडलेल्या वळणाची बातमी आत्ता येते. रडारच्या दृष्टीने तो क्षण होऊन गेला. आता काय करायचं? १९७० च्या दशकाच्या शेवटी संगणकशास्त्रज्ञ चँडी आणि मिश्रा यांनी, आणि स्वतंत्रपणे ब्रायंट यांनी, सावध मार्ग दाखवला: मागची बातमी येणार नाही याची खात्री होईपर्यंत पुढे सरकायचंच नाही. १९८५ मध्ये जेफरसन यांनी ‘टाइम वॉर्प’मधून उलटा मार्ग मांडला: बिनधास्त पुढे जा, उशिराची बातमी आली तर मागे फिरा आणि चुकीचे गेलेले संदेश रद्द करा. आज तुम्ही जे टूल हातात घ्याल, त्यात बहुधा यातला पहिला मार्ग सापडेल.

हे वाचून कळत नाही, करून कळतं. पायथनमध्ये तीन छोटे प्रोसेस लिहा. प्रत्येकाची वेळ स्वतंत्र, आणि तिघेही एकमेकांना सॉकेटवरून वेळ नोंदवलेले संदेश पाठवतात. नियम एकच: इतर दोघांकडून पुढच्या वेळेची हमी मिळाल्याशिवाय आपली वेळ पुढे न्यायची नाही. चालवून पाहा. थोड्याच वेळात तिघेही एकमेकांची वाट बघत थांबतील. मग रिकामे संदेश घाला, म्हणजे ‘या वेळेपर्यंत माझ्याकडून काही येणार नाही’ एवढंच सांगणारे. गाडं हलेल. ही हमी जितक्या पुढची देता येते त्याला लुकअहेड म्हणतात. लुकअहेड एक सेकंद ठेवून चालवा, मग एक मिलिसेकंद करून चालवा. दुसऱ्या वेळी तेवढंच अंतर कापायला हजारेक पट रिकामे संदेश धावताना दिसतील. सिम्युलेशन जोडलं की इतकं मंद का होतं, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं. चांगला लुकअहेड मॉडेलच्या भौतिकशास्त्रातून काढायचा असतो. रडारला प्रतिसाद द्यायला किमान अमुक वेळ लागतोच, हे माहीत असेल तर तेवढी हमी ते निर्धास्तपणे देऊ शकतं.

एवढं झालं की मानकांकडे या, आणि ज्या क्रमाने ती जन्मली त्याच क्रमाने या. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या डार्पा संस्थेने सिमनेट उभं केलं: रणगाड्यांचे सिम्युलेटर नेटवर्कने जोडून दलांना एकत्र सराव देण्यासाठी. त्यातून डीआयएस आलं, आयईईई १२७८. त्याला मध्यवर्ती सर्व्हर नाही. प्रत्येक जण आपल्या वस्तूची स्थिती, वेग आणि दिशा ठरलेल्या मांडणीच्या पॅकेटमध्ये भरून नेटवर्कवर सोडतो. दोन पॅकेटांमधल्या काळात बाकीचे त्या वस्तूची जागा अंदाजाने पुढे सरकवत राहतात, याला डेड रेकनिंग म्हणतात. खरी जागा आणि अंदाज यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तरच नवं पॅकेट जातं. काहीच बदललं नाही, तरी मी अजून आहे हे सांगायला साधारणपणे दर पाच सेकंदांनी एक जातंच. नव्या माणसाने डीआयएसपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं, कारण इथे सगळं डोळ्यांना दिसतं. वायरशार्क हे नेटवर्कवरची पॅकेट्स बघण्याचं टूल डीआयएसची पॅकेट्सही उलगडून दाखवतं. ‘ओपन-डीआयएस’ ही मुक्त लायब्ररी घ्या, एक वस्तू गोल फिरवा आणि पॅकेट कधी सुटतं, कधी सुटत नाही ते बघत बसा. मात्र डीआयएस खऱ्या घड्याळाबरोबर चालतं. वेळ थांबवून सगळ्यांना एकत्र पुढे नेण्याची सोय त्यात नाही.

ती सोय एचएलएमध्ये आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९० च्या दशकात ते घडवलं, २००० मध्ये ते आयईईई १५१६ झालं, पुढे २०१० आणि २०२५ मध्ये सुधारित आवृत्त्या आल्या. यात प्रत्येक सिम्युलेशन हा फेडरेट, सगळ्यांचं मिळून फेडरेशन, आणि मधला सगळा व्यवहार आरटीआय नावाच्या सॉफ्टवेअरमार्फत. एक गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की करा: मानकाने फेडरेट आणि आरटीआय यांच्यातला व्यवहार ठरवला आहे, दोन कंपन्यांच्या आरटीआयनी आपसात कसं बोलायचं ते नाही. त्यामुळे एका फेडरेशनमध्ये सगळ्यांनी एकच आरटीआय वापरायचा. शिकण्यासाठी पोर्टिको, सर्टी आणि ओपनआरटीआय हे मुक्त पर्याय आहेत.

एचएलएमधले पहिले काही आठवडे बहुतेकांचे दोन कोड्यांत जातात, म्हणून ती इथेच सोडवते. पहिलं: सगळं फेडरेशन गोठलं, कुणाचीच वेळ पुढे सरकत नाही. अशा वेळी थांबलेल्यांकडे बघू नका. ज्याने स्वतःला वेळ नियंत्रित करणारा म्हणून जाहीर केलं आहे, पण पुढे जाण्याची मागणीच केलेली नाही, तो फेडरेट शोधा. इतर त्याच्यासाठी अडलेले असतात. त्याने मागणी केली असूनही मंजुरी दिसत नसेल, तर त्याचा कॉलबॅकचा, म्हणजे आरटीआयकडून फेडरेटला येणाऱ्या निरोपांचा, प्रकार तपासा. प्रोग्रामने स्वतःहून कॉलबॅक मागवायचे असा पर्याय निवडला असेल आणि कोड ते मागवत नसेल, तर मंजुरी दारात येऊन पडून राहते.

दुसरं कोडं जास्त छळतं: संदेश येतात, पण वेळेच्या क्रमाने येत नाहीत. त्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. पाठवणारा वेळ नियंत्रित करणारा हवा, घेणारा वेळेने बांधलेला, म्हणजे इतरांच्या वेळेसाठी थांबणारा हवा, त्या माहितीसाठी वेळेच्या क्रमाने पोहोचवण्याचा पर्याय लागू असायला हवा, आणि पाठवताना संदेशाला वेळ जोडलेली हवी. यातली एक जरी निसटली तरी आरटीआय तक्रार करत नाही, मिळेल त्या क्रमाने संदेश पोहोचवतो. मी आजही नवं फेडरेशन हातात आलं की आधी या चार गोष्टी बघते.

एफएमआयचं घराणं वेगळं. ते वाहन उद्योगाच्या गरजेतून, युरोपातल्या मॉडेलिसार प्रकल्पातून आलं. पहिली आवृत्ती २०१० ची, दुसरी २०१४ ची, तिसरी २०२२ ची. मॉडेल एका झिप फाइलमध्ये बांधून देतात, आत चालवायचा कोड आणि चलांची यादी देणारी एक्सएमएल फाइल. या गाठोड्याला एफएमयू म्हणतात. शंभराहून अधिक टूल्स हे मानक पाळतात. इथे खरा विषय म्हणजे दोन मॉडेल्सनी किती वेळाने माहितीची देवाणघेवाण करायची. ओपनमॉडेलिका या मुक्त मॉडेलिंग टूलमध्ये दोन वस्तुमानं आणि मधली स्प्रिंग असं मॉडेल करा, ते मधोमध तोडून दोन एफएमयू बनवा आणि एफएमपाय ही पायथन लायब्ररी वापरून स्वतः जोडा. मग देवाणघेवाणीचा अंतराल हळूहळू वाढवत न्या. एका टप्प्यानंतर झोके आपोआप मोठे होऊ लागतील, कारण प्रत्येक बाजू दुसऱ्याची शिळी किंमत धरून गणित करते आणि त्या उशिरातून नसलेली ऊर्जा आत शिरते. हा आलेख स्वतः काढलेला माणूस पुढे कधीही अंतराल डोळे मिटून निवडत नाही.

वीजजाळ्यांसाठी हेलिक्स आणि मोझाइक, द्रव आणि घन पदार्थांच्या एकत्रित गणितांसाठी प्रीसाइस अशी आणखी साधनं आहेत. ज्या क्षेत्रात जाल तिथलं साधन शिका. वरचं पक्कं असेल तर त्याला फार वेळ लागत नाही.

आता जे कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नीट सापडत नाही ते. एका प्रकल्पात दोन टीमची सिम्युलेशन्स जोडली होती. संदेश वेळेवर येत होते, प्रकार जुळत होते, एकही एरर नव्हती, आणि तरी जमिनीवरची वाहनं दुसऱ्या टीमच्या पडद्यावर हवेत तरंगत होती. एका टीमची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली होती, दुसरीची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. जगात काही ठिकाणी या दोन्हींत शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. कोणताही आरटीआय हे पकडू शकत नाही, कारण त्याच्यासाठी ती नुसती एक संख्या आहे. टोल्क आणि मुगुइरा यांनी २००३ मध्ये जोडणीच्या पातळ्यांचं एक मॉडेल मांडलं. त्यात बिट्स पोहोचणं खाली आहे, अर्थ आणि गृहीतकं जुळणं खूप वर. आमच्या कामाचा बराचसा वेळ त्या वरच्या पातळ्यांवर जातो. म्हणून फेडरेशनचा करार लिहून काढतात: एककं, अक्षांच्या दिशा, उंचीचा संदर्भ, कोणती वस्तू कोणाच्या मालकीची, सुरुवात कोणत्या क्रमाने. हे सगळं टप्प्याटप्प्याने कसं करायचं यासाठी डीसीप, म्हणजे आयईईई १७३०, सात पायऱ्या देतं. कोड लिहिणाऱ्यांना ते कंटाळवाणं वाटतं. तरीही वाचा.

कामं मुख्यतः संरक्षण प्रशिक्षण, अवकाश, वाहन आणि ऊर्जा या क्षेत्रांत आहेत. विद्यार्थी असाल तर ‘सिम्युलेशन एक्सप्लोरेशन एक्सपिरियन्स’ या उपक्रमाची माहिती काढा. २०११ पासून वेगवेगळ्या विद्यापीठांचे गट त्यात एचएलए वापरून एक सामाईक अवकाश मोहीम उभी करतात. अनोळखी टीमच्या फेडरेटशी जुळवून घेण्याचा सराव दुसरीकडे सहज मिळत नाही. मुलाखतीत मी उमेदवाराला दोन फेडरेटचे लॉग देते आणि विचारते, पहिली गडबड कोणत्या क्षणी झाली? एपीआय पाठ असलेल्यांपेक्षा, लॉगमध्ये खऱ्या घड्याळाची आणि सिम्युलेशनची अशा दोन्ही वेळा आहेत का हे आधी तपासणारा उमेदवार मला घ्यावासा वाटतो. तुमच्या त्या तीन पायथन प्रोसेसच्या लॉगमध्येही पहिल्या ओळीपासून दोन्ही वेळा नोंदवा.