पिकअपचा ब्लोअर बंद? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. पहाटे लाल कांदा भरून लासलगावकडे निघालं की समोरची काच आतून धुरकट होते आणि नेमका तेव्हाच माझ्या पिकअपचा ब्लोअर, म्हणजे काचेवर वारा सोडणारा पंखा, गप्प बसला. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं, असे पंधरा दिवस काढले. मग गॅरेजला गेलो. त्यांनी काही न तपासता नवी मोटर बसवली. दुसऱ्या दिवशी पहाटे परत फडकं हातात!

पुढे नाशिकला आडगाव नाक्याजवळ एका वायरमनला गाडी दाखवली. त्याने काहीही न खोलता नॉब चारवर फिरवला आणि ब्लोअर भणाणला. मी आयुष्यभर दोनच्या पुढे गेलोच नव्हतो.

तेव्हा पहिली चूक ही: नॉब न फिरवता मोटरीवर संशय घेणं. एक ते चार, प्रत्येक स्पीडला काय होतं ते आधी बघा. फक्त चारवर चालतो आणि खाली बंद, तर मोटर जिवंत आहे, गेलाय तो बहुतेक रेझिस्टर. खालच्या स्पीडला करंट रेझिस्टरच्या तारेतून जातो, म्हणून पंखा हळू फिरतो. चारवर रेझिस्टर वगळून मोटरीला पूर्ण करंट मिळतो. उलट तीनपर्यंत चालतो आणि चारवर नाही, तर रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच) किंवा नॉबच्या स्विचचा कॉन्टॅक्ट बघा. (ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, त्यांचं गणित वेगळं.)

दुसरी चूक जास्त महागात पडते. रेझिस्टर जळाला, नवा टाकला, झालं. अहो, पण तो जळाला कशाने? पंखा कुठे घासत असेल किंवा मोटरचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) सुकलं असेल, तर मोटर जास्त करंट ओढते आणि रेझिस्टर तापतो. शिवाय तो हवेच्या डक्टमध्ये बसवलेला असतो तो पंख्याच्या वाऱ्याने थंड राहावा म्हणून. वाराच अडला तर तो भाजणारच. म्हणून मोटर काढून पंखा बोटाने फिरवा. दोन-चार फेऱ्या सैल फिरला पाहिजे.

माझी जुनी मोटर मी गॅरेजमधून मागून आणली होती. बघतो तर पंख्याच्या पात्यांत मूठभर कांद्याची सालपटं आणि उंदराने कुरतडलेला गोणपाट! बाहेरची हवा काचेखालच्या जाळीतून आत येते आणि आमच्या गाडीवर वर्षभर काय उडतं ते सांगायला नको. सगळं झटकल्यावर तीच मोटर बॅटरीवर छान फिरली.

रेझिस्टर बदलताना कपलरही (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) बघाच. प्लास्टिक पिवळं पडलेलं किंवा वितळलेलं असेल तर तोही बदला. सैल पिन तापते आणि नव्या रेझिस्टरची पुन्हा तीच गत होते.

कुठल्याच स्पीडला हालचाल नसेल तर सुरुवात फ्यूजपासून. नुसता डोळ्याने बघू नका. इग्निशन ऑन करून टेस्ट लॅम्पची (करंट असला की लागणारा छोटा दिवा) एक वायर बॉडीला लावा आणि दुसरी फ्यूजच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने. दोन्हीकडे लागला पाहिजे. आणि उडालेल्या 20 अँपिअरच्या जागी 30 चा फ्यूज किंवा तांब्याची तार कधीच घालू नका. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो उडाला नाही तर डॅशबोर्डमागची वायर जळते.

फ्यूज ठीक असेल तर इग्निशन ऑन, नॉब चारवर, आणि मोटरच्या कपलरच्या दोन पिनांमध्ये टेस्ट लॅम्प लावा. लागला तर मोटर गेली. नाही लागला, पण एक पिन आणि बॉडी यांच्यात लागतो, तर अर्थची बाजू (करंट बॉडीकडे परत नेणारी वायर) तुटली आहे. काही गाड्यांत स्विच आणि रेझिस्टर अर्थच्याच बाजूला असतात, म्हणून नॉब चारवर ठेवणं महत्त्वाचं. इथे नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नका. गंजलेल्या जोडावरही तो 12 व्होल्ट दाखवतो, पण मोटरचा भार पडला की तो जोड हात वर करतो.

मोटरवर हलकी टिचकी मारली की सुरू होते? मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बन झिजलेत. टिचकीवर एखादा आठवडा निघेल, फार नाही.

वारा येतो पण गार? तो ब्लोअरचा दोष नाही. कूलंट, थर्मोस्टॅट, हिटरचा कॉक बघा, आणि तापलेल्या इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आता काचेखाली बारीक जाळी लावलीय, कांद्याच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी झटकतो. जुनी मोटर शेडमध्ये आहे. पहाटे अंघोळीच्या पाण्याच्या चुलीला वारा घालते.