नाणेघाट: वैशाखरे ते घाटघर चालताना या चुका टाळा

कल्याणहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या पुढे वैशाखरे लागतं. तिथून नाणेघाट चढायचा, लेणं बघायचं, पठारावरून घाटघर गाठायचं आणि जुन्नरची एसटी धरायची. पायथ्यापासून घाटमाथ्यापर्यंतचं अंतर जेमतेम ४-५ किलोमीटर आहे. हा आकडा वाचूनच बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण त्यात ६०० मीटरच्या वर चढ आहे. नेहमीच्या चालणाऱ्याला अडीच-तीन तास लागतात, नवख्यांच्या गटाला चार.

वाट सोडून ओढा धरणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. सुरुवातीला वाट जवळजवळ सपाटीवरून झाडीत जाते, ओढा ओलांडते. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, रुंद असतो आणि सरळ डोंगराकडे जाताना दिसतो. समोर नानाचा अंगठा हा सुळका दिसतोच आहे, मग कुणीतरी म्हणतो, "इकडून शॉर्टकट आहे." मंडळी ओढ्यात शिरतात. आधी गोटे, मग कमरेएवढे धोंडे, मग घसारा, आणि तासाभराने थेट कड्याच्या पोटात. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि पाणी अर्धं संपलेलं असतं. परत फिरायला कुणी तयार नसतं, म्हणून गवताला धरून आडवं जायला सुरुवात होते. घोटे मुरगळतात ते इथे.

एवढं ध्यानात ठेवा: सातवाहनांच्या काळापासून कोकणातली बंदरं आणि जुन्नर यांच्यामधली ही व्यापारी वाट आहे. लादलेली जनावरं इथून चढत होती. त्यामुळे तिला हात टेकून चढावं लागत नाही. हात टेकायची वेळ आली तर वाट सुटली आहे, एवढं निश्चित. खरी वाट नागमोडी जाते आणि मधे मधे रचलेल्या दगडांची फरसबंदी, पायऱ्या लागतात. दहा मिनिटं चालून फरसबंदी, रंगवलेला बाण किंवा ठळक मळलेली वाट यांतलं काहीच दिसलं नाही, तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या. गुरांच्या वाटा सुरुवातीला तितक्याच ठळक असतात, पण त्या झाडीत फुटत फुटत विरून जातात. मोबाइलमधल्या नकाशावर भिस्त ठेवायची असेल तर तो घरीच उतरवून घ्या. झाडीत रेंजचा भरवसा नाही.

उशिरा निघणं

आठच्या आत चालायला लागा. त्यासाठी कल्याणहून पहाटेचीच गाडी हवी. कंडक्टरला चढतानाच सांगा की नाणेघाटाच्या पाटीपाशी उतरायचंय. ती वैशाखरे गावाच्या थोडी पुढे आहे. साडेदहाला सुरुवात केली तर ऐन चढ भर दुपारी येतो. माणशी तीन लिटर पाणी घ्या, मार्चनंतर चार. वरच्या टाक्यांच्या भरवशावर रिकामी बाटली घेऊन चढू नका; उन्हाळ्यात त्यांतलं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही.

पावसाळ्यात ओढा गुडघ्याच्या वर असेल तर तिथूनच घरी जा. दोर लावून, साखळी करून पलीकडे गेलात तरी संध्याकाळी तो आणखी चढलेला असू शकतो.

लेण्यात घाई आणि खडू

धापा टाकत पोचायचं, कट्ट्यावर आडवं व्हायचं, फोटो काढायचे आणि निघायचं. इतका चढ चढून हे करणं फार वाईट आहे. डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. यज्ञ केले, दक्षिणा दिल्या, त्यांत किती गायी, किती घोडे, किती कार्षापणं (तेव्हाची नाणी), हे सगळं आकड्यांत कोरलंय. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता पावलांच्या खुणा उरल्यात, आणि वर कोरलेली नावं.

अक्षरं दिसत नाहीत म्हणून लोक खडू घासतात, पाणी मारतात. दोन्ही करू नका. खडू खाचेत बसतो आणि अक्षराची कड बुजते. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा. तिरप्या उजेडात प्रत्येक खाचेला सावली पडते आणि ओळी आपोआप उठून दिसतात. डावीकडून एकदा, वरून एकदा असा उजेड फिरवा. पाऊण तास इथे ठेवाच. आणि लेण्यात चूल मांडणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा. काजळी त्या लेखावरच बसते.

लेण्यातून वर, कड्यांमधली अरुंद नळी संपते तिथला भलामोठा दगडी रांजण जकातीचा म्हणून सांगतात. त्यात बाटल्या, वेष्टनं टाकणाऱ्याला पाहिलंत तर त्याच्याच हातून काढून घ्या.

"वर आलोच आहोत तर जीवधन पण करू"

नको. इंग्रजांनी १८१८ नंतर शेजारच्या जीवधन किल्ल्याच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. तुटलेल्या पायऱ्या आणि कातळटप्पे थकलेल्या पायांनी करायचे नसतात. घाटघरला मुक्काम करा आणि सकाळी ताज्या दमाने जा.

बारीकसारीक

नवे बूट या वाटेवर पहिल्यांदा घालू नका. ओल्या फरसबंदीवर शेवाळं असतं, पाऊल पूर्ण टेकवा. गावकऱ्यांना "किती वेळ लागेल" असं विचारू नका. ते त्यांच्या चालीने सांगतात. "पुढचा ओढा ओलांडल्यावर कुठल्या हाताला जायचं" असं विचारा.

घाटमाथ्यापासून घाटघर ३-४ किलोमीटर, सोपी चाल. जुन्नर तिथून जवळपास ३० किलोमीटर, गाड्या मोजक्या. परतीच्या एसटीची वेळ आदल्या दिवशी जुन्नर आगारात विचारून ठेवा आणि त्याच्या तासभर आधी गावात पोचा. जेवण हवं असेल तर आधीच कळवा. चुलीवरच्या भाकऱ्या दहा जणांना दहा मिनिटांत होत नाहीत, आणि त्या माउलीला घाई करण्यात अर्थ नाही.