डेटा वेअरहाउसच्या गरजा लिहून घेताना या चुका टाळा

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आम्ही डेटा वेअरहाउस (सगळ्या खात्यांचा डेटा रिपोर्टसाठी एकत्र साठवायची जागा) उभं केलं. पहिल्याच आढावा मीटिंगमध्ये तीन खात्यांनी मार्चच्या विक्रीचे तीन आकडे सांगितले, आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर होते. मार्केटिंगने आलेल्या ऑर्डरी मोजल्या होत्या, डिस्पॅचने गेटबाहेर गेलेला माल, अकाउंट्सने क्रेडिट नोटा (बिलातून नंतर कमी केलेल्या रकमा) वजा करून बिलं. आमच्या गरजांच्या कागदावर फक्त "विक्री, महिन्यानुसार आणि ग्राहकानुसार" एवढंच होतं. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या, पण विक्री म्हणजे काय हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. ही चूक माझी होती. ती निस्तरण्यात दीड महिना गेला.

शब्दाचा अर्थ न ठरवता पुढे जाणं

प्रत्येक आकड्यासाठी अर्धं पान लिहा. तारीख बिलाची की माल निघाल्याची? रद्द झालेली बिलं धरायची का? ग्राहकाने दर मागच्या तारखेपासून वाढवून दिला आणि फरकाचं बिल जुलैत निघालं, तर ते पैसे एप्रिलचे की जुलैचे? वाहन उद्योगाला माल देणाऱ्या प्रत्येकाकडे हा शेवटचा प्रश्न असतोच, तरी तो मीटिंगमध्ये आपणहून कुणी काढत नाही.

जीएसटीतल्या दोन गोष्टी इथे हमखास फसवतात. कंपनीने पुण्याहून परराज्यातल्या स्वतःच्याच डेपोला माल पाठवला, तरी कायद्याच्या नजरेत ती वेगळी नोंदणी असते आणि कराचं बिल निघतं. बिलांच्या टेबलात ते विक्रीसारखंच दिसतं. ते वेगळं काढलं नाही, तर डेपोतून खरी विक्री होते तेव्हा तोच माल दुसऱ्यांदा मोजला जातो. दुसरी गोष्ट करासहित रकमेची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या ज्या सुट्या भागांवर २८ टक्के कर होता, तो १८ वर आला. १०० रुपयांच्या मालाचं १२८चं बिल ११८चं झालं. माल तेवढाच गेला असताना करासहित आकड्यांच्या आलेखात जवळजवळ ८ टक्के घट दिसणार, आणि मालक मार्केटिंगला धारेवर धरणार. म्हणून मूळ रक्कम आणि कर वेगळे साठवायचे, हे गरजांच्या कागदावरच लिहा.

"कोणते रिपोर्ट हवेत?" हा पहिला प्रश्न

असं विचारलंत की समोरचा माणूस आज वापरतो त्या एक्सेलची यादी देतो. चाळीस रिपोर्टची यादी घेऊन तुम्ही हिंजवडीच्या आपल्या ऑफिसला परतता आणि काम झालं असं वाटतं. त्याऐवजी विचारा, "साहेब, सकाळी आल्यावर पहिल्यांदा काय बघता? आकडा वाईट दिसला तर फोन कुणाला करता?" आणि मग तो आकडा रोज तयार करणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते प्लॅनिंगमधल्या एका ताईंनी. त्या रोज सकाळी सिस्टिममधून उत्पादनाची यादी काढून पहिल्या काही ओळी हाताने आदल्या दिवसात हलवायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "अहो, तिसरी शिफ्ट रात्री बारानंतरही चालू असते ना! तो माल कालचाच." कारखान्याचा दिवस सकाळच्या शिफ्टपासून सुरू होतो, ही गोष्ट आमच्या कागदात कुठेच नव्हती.

कॅलेंडरचंही तसंच. भोसरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, ऑफिसला मात्र रविवारी. रोजची सरासरी काढताना कामाचे दिवस कुणाचे धरायचे, हे विचारून घ्या.

इतिहास नंतर बघू म्हणणं

पिंपरीचा एक ग्राहक जूनमध्ये एका सेल्सवाल्याकडून दुसऱ्याकडे गेला. एप्रिल-मेची विक्री आता कुणाच्या नावावर? मूळ सिस्टिम जुनं नाव पुसून नवं लिहीत असेल, तर दोन वर्षांनी हा प्रश्न आल्यावर उत्तर उरलेलंच नसतं. कोणत्या माहितीचा बदल जपायचा हे पहिल्या महिन्यातच ठरवा, कारण वेअरहाउस सुरू होण्याआधी पुसलेलं परत आणता येत नाही.

"रिअल टाइम" सगळेच मागतात. अकरा वाजता आकडा बदलला तर साडेअकराला तुम्ही काय कराल, एवढं विचारा. बहुतेकांना रोज सकाळचा ताजा डेटा पुरतो.

आधीच अडकला असाल तर

आकडे जुळत नाहीत म्हणून सगळं पाडून नव्याने बांधू नका. एक महिना आणि एक ग्राहक घ्या, अकाउंट्सच्या माणसाला शेजारी बसवा आणि बिलागणिक ताळा करा. सापडलेल्या प्रत्येक फरकापुढे कारण लिहा: रद्द बिल, क्रेडिट नोट, तारीख, कर, डेपो. उरलेल्या फरकांसाठी ग्राहकांची यादी तपासा. एकाच ग्राहकाच्या चाकण आणि पिंपरीच्या प्लांटचा जीएसटी क्रमांक एकच असू शकतो, कारण नोंदणी राज्यनिहाय असते. त्या क्रमांकावरून ग्राहक ओळखायचं ठरवलं असेल, तर दोन प्लांट एकात मिसळून बसलेले असतील. कारणांची ही यादी संबंधित खात्याच्या प्रमुखांसमोर ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे, यापुढे निर्णय कुणाचा, त्याचं नाव तिथेच लिहून घ्या.