जनावराच्या दाव्याच्या टप्प्यात पाणी: ग्वाल्हेर भागासाठी नौतप्याचा सल्ला

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. मुरार, डबरा, भितरवार, सगळीकडे लू (उन्हाळ्यातला गरम वारा) वाहते आहे आणि पारा ४५च्या आसपास आहे. बाकीची कामं दोन दिवस मागं पडली तरी चालतील. आज दुपारी दोन वाजता गोठ्यात जा आणि एवढंच बघा: बांधलेल्या जनावराचं तोंड पाण्यापर्यंत पोचतं का?

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात एका घरानं सकाळी आठला म्हशीला पाणी पाजलं, कडुलिंबाच्या सावलीत बांधलं आणि सगळे लग्नाला गेले. आठची सावली बारानंतर तिथं राहत नाही. दावं तीन हातांचं, हौद वीस पावलांवर. चारला परत आले तेव्हा म्हैस आडवी पडली होती. दुसऱ्या वेताची, नऊ लिटर दुधाची. लोक म्हणाले, ऊन लागलं. ऊन तर सगळ्या गावालाच होतं. ती तहानेनं गेली.

हवा कातडीपेक्षा गरम झाली की वाऱ्यानं अंग निवत नाही, उलट तापतं. मग अंगातली उष्णता बाहेर टाकायला एकच वाट उरते: घामातून किंवा धापेतून पाणी वाळणं. माणसाला घाम भरपूर येतो. गीर, माळवी अशा देशी गाईंनाही बऱ्यापैकी येतो, शिवाय सैल कातडी आणि गळ्याखालची लोंबती पोळी उष्णता टाकायला मदत करतात. म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी. म्हणून ती डबकं शोधते. डबकं नाही, अंगावर पाणी नाही, प्यायलाही नाही, तर तिनं करायचं काय? आपल्या चंबळकाठची भदावरी उन्हाला काटक आहे, पण दाव्याला बांधलेल्या भदावरीलाही हौदापर्यंत चालत जाता येत नाही.

दुभत्या म्हशीला या दिवसांत ७० ते १०० लिटर पाणी लागतं. सकाळ-संध्याकाळ दोनदा पाजून ते भरत नाही. पाणी चोवीस तास समोर हवं, रात्रीसुद्धा. वैरण पचताना पोटात उष्णता तयार होते, म्हणून निम्म्याहून जास्त वैरण संध्याकाळी सहानंतर आणि पहाटे द्या. मग रात्री रवंथ करणाऱ्या जनावरासमोर हौद कोरडा ठेवून कसं चालेल?

पाणी नुसतं असून भागत नाही, ते गार हवं. उन्हातल्या काळ्या टाकीतल्या पाण्यात कोपर बुडवून बघा. कोपराला कोमट लागलं तर म्हैस तोंड लावते आणि मागं फिरते. हौदाला बाहेरून चुना लावा, वर सावली करा, भोवती ओलं बारदान गुंडाळा. माझा आणखी एक ठोकताळा आहे, पुस्तकात सापडणार नाही: सकाळचं दूध अचानक लिटरभर घटलं तर खुराक बदलू नका, काल दुपारचं पाणी आठवा.

दुकानदार या दिवसांत ‘थंडावा’ देणाऱ्या पावडरी आणि लिव्हर टॉनिकच्या बाटल्या गळ्यात मारतात. त्या पैशात पत्र्यावर टाकायला पेंढा आणि दोन जास्तीच्या बादल्या येतात. फॉगरचंही (पाण्याचे बारीक तुषार उडवणाऱ्या यंत्राचंही) तसंच. कोरड्या मे महिन्यात उघड्या गोठ्यात तो चालतो, पण पाऊस आला की बंद गोठ्यात नुसती दमट कोंडी होते. त्यापेक्षा अंग पूर्ण भिजेल असं पाणी ओता आणि वारा खेळता ठेवा.

रोजचं आणि हंगामाचं:
- खनिज मिश्रण ५० ग्रॅम, साधं मीठ ३० ग्रॅम
- अंगावर पाणी तीनदा
- गळघोटूची (घटसर्पाची) लस पावसाआधी
- पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारीची चरी (हिरवी वैरण) देऊ नये, विषबाधा होते
- कोंबड्यांना घाम येत नाही, दुपारी खाद्य बंद, पाणी चालू

जनावर तोंड उघडून धापा टाकतंय, जीभ बाहेर, लाळ गळतेय, ताप १०४ फॅरनहाइटच्या वर: लगेच सावलीत घ्या, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १९६२ या जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या क्रमांकावर फोन करा. आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

माणसांचंही तेच. शहरातून नुकताच आलेला मुलगा पहिल्याच दिवशी उन्हात मूग काढायला नेऊ नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात, मगच घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. बांधावर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ घालून ठेवा. कुणी असंबद्ध बोलायला लागला किंवा तोल जायला लागला तर १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला पाण्यानं भिजवत राहा. तापाच्या गोळीनं हा ताप उतरत नाही.

आणि या पंधरवड्यात सगळं घर एकदम लग्नाला जाऊ नका. जावंच लागलं तर सकाळी खुंटी ठोकताना दुपारची सावली कुठं पडेल ते बघा, आणि शेजारच्या काकूंना बारा वाजता आणि तीन वाजता हौद बघायला सांगून निघा.